झील

हैदराबादेत, मलकपेठेच्या कांदा बाजारात अयोध्या निवडायला बसली की शेजारच्या बाया जरा अंतर राखून बसत. सडका कांदा हाताला लागला की बाकीच्या जणी तो पाठीमागं टाकत. अयोध्या समोरच्या भिंतीवर फेकून मारी. भिंतीला ओला डाग पडला होता. आडत्यानं एकदा हटकलं, "ए अम्मा, दीवार क्या बोली तेरे कू?" तेव्हा तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. भिंतीवर आपण कुणाला मारतो, हे तिचं तिला ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीपर्यंत ती कांद्यात नव्हती. तारनाक्याच्या पुढं, रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांमागं उंच इमारती उठत होत्या. तिथं ती खाली मसाला कालवायची आणि तिचा नवरा भुजंग वर, कमरेला पट्टा अन् खाली झेलायची जाळी बांधून, सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायचा. माणसं आदिलाबादच्या डोंगरातली, जातीनं प्रधान. घरात बोलणं मराठी, पण गाणं गोंडी. कारण गाणं गोंडांचं. एकेका गोंड घराला एकेक प्रधान घर पिढ्यान् पिढ्या बांधलेलं. यजमानाकडं लग्न निघालं, बाळंतीण अडली, पोर तापानं फणफणलं, की प्रधानानं तीन तारांची किकरी घेऊन जायचं आणि त्या कुळाचे पूर्वज पहिल्यापासून गाऊन काढायचे. माणूस गेला तरीही तेच. मेलेल्याचं नाव प्रधानानं गाण्यात ओवलं की तो पितरांत बसला. तोवर तो उघड्यावर.

भुजंगचे यजमान मानकू पटेल. डोंगरात पोट भरेना तेव्हा यजमान आणि प्रधान एकाच मुकादमाच्या टेम्पोतून हैदराबादला आले, आणि पत्र्याच्या कॅम्पात भिंतीला भिंत लावून राहिले. पटेलांचा मुलगा सोनेराव भुजंगच्या हाताखाली काम शिकत होता. रविवारी दुपारी भुजंग किकरी काढी, सोनेराव झील धरी. गाणारा एक कडवं म्हणून थांबला की झीलकऱ्यानं शेवटचा शब्द उचलायचा, खेचायचा आणि विचारायचं, "मग पुढं?" सोनेरावचा आवाज खणखणीत होता. कॅम्पातले बिहारी मजूरसुद्धा ताटं घेऊन ऐकायला बसत.

आणि एका सकाळी दोघं पडले.

अयोध्याच्या हातात फावडं होतं. आधी ओरडणं आलं, मग सोनेराव आला. वाळूच्या ढिगापलीकडं, सळ्यांवर. भुजंग मधल्याच एका मजल्याच्या कडेवर आपटून तिथंच अडकला होता. त्याला खाली आणला तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं, डोळे उघडे होते, आणि तोंड नुसतंच हलत होतं.

सुपरवायझर रितेशबाबूनं पोलिसांना सांगितलं, "भुजंग पी को चढा था. लडखडाया, लडके को पकड लिया, दोनो गये." समोरच्या इमारतीवरच्या मजुरानंही सांगितलं, की भुजंगनं पोराला धरलेलं त्यानं पाहिलं. झालं. कागद तयार झाला. खरं काय ते एकट्या भुजंगला ठाऊक, आणि भुजंगची वाचा गेलेली. उजवं अंगही लुळं पडलेलं.

मानकू पटेल पोराची माती करायला गावी गेले. परतले ते सरळ अयोध्याच्या दारात. आत आले नाहीत. पत्र्याला हात टेकून उभे राहिले.

"अयोध्ये, तुह्या मालकानं दारू पिऊन माहं पोरगं वढलं."

"पटेल, त्यायनं त्या दिवशी चहाबी घेतला नव्हता. मी होती ना घरात!"

"त्यानं सांगावं मग."

भुजंग गोधडीवर पडून होता. त्यानं मान उचलली, ओठ हलवले. "ब... ब... ब..." लाळ गळली. पटेलांनी पत्र्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "तुमच्या घरचं गानं आता माह्या दारात नाही. सोनेरावाले दुसरा प्रधान पाहीन."

ही शिवी नव्हती. शिवी असती तर अयोध्यानं परत दिली असती. यजमानानं दार लावलं की प्रधान कुणाचाच राहत नाही.

दुसऱ्याच दिवशी रितेशबाबूनं त्यांची खोली रिकामी करवली. भांडी बाहेर, गोधडी बाहेर, गोधडीवरचा माणूस बाहेर. भुजंगचा चुलता देवबा मलकपेठेत एका फंक्शन हॉलवर राखणदार होता. त्यानं हॉलमागची मोडक्या खुर्च्यांची खोली दिली. खोलीला खिडकी नव्हती. शेजारी जनरेटर. लग्न असलं की भिंती थरथरत आणि भुजंग डोकं धरून बसे.

सरकारी दवाखान्यात वाचा शिकवायची एक खोली होती. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. आत केतकी मॅडम, पुण्याकडच्या. अयोध्याचं मराठी ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगंबाई! कुठल्या तुम्ही?"

"आदिलाबादच्या."

मॅडमनी भुजंगसमोर चित्रं धरली. मांजर. छत्री. केळं. भुजंग प्रत्येकाला "ब... ब..." म्हणाला. दारातून डोकावणारं एक पोर हसलं. भुजंगनं डाव्या हातानं चित्रं उडवून लावली. मॅडम खाली वाकून ती गोळा करू लागल्या तशी अयोध्या म्हणाली, "राहू द्या, मी उचलते. त्यायले रात्र-रात्र गायची सवय होती. आता मांजर म्हनता येत नाही म्हून राग येते."

"गात होते?" मॅडम थांबल्या. "मग घरी गाऊन बघा. डोक्यात बोलण्याची जागा आणि गाण्याची जागा एकच नसते. काही काही लोकांना बोलता येत नाही, पण गाता येतं. सगळ्यांचं होतं असं नाही. पण बघा." तेवढ्यात पुढच्या पेशंटला आत ढकललं गेलं.

अयोध्यानं देवबाला सांगितलं. देवबा हॉलचं अंगण झाडत होता. त्यानं झाडू थांबवला नाही.

"किकरी खुटीले हाय, खुटीलेच राहीन. यजमानाच्या हुकुमाबिगर ते उतरवाची नाही."

"दुखन्याले वाजवता ना तुमी? पोराच्या तापाले वाजवता?"

"यजमानाच्या पोराच्या."

"म्हंजे प्रधान मेला तं मरू द्यायचा?"

"मी कायदा केला का, पोरी?" देवबा चिडला. "अन् तूबी काही गुनगुनू नको. कुळाचं गानं बाईनं तोंडात घ्यायचं नाही."

त्या दिवशी कांद्याच्या भिंतीवर आणखी डाग पडले.

ती घरी आली तेव्हा दुपार कलली होती. हातांना कांद्याचा वास, बोटांच्या चिरांत माती. तिनं आंबील केली आणि भुजंगसमोर ठेवली. त्यानं एक घोट घेतला आणि डावा हात हलवला. काहीतरी हवं होतं. तिनं पाणी आणलं. त्यानं मान हलवली. मिरची आणली. नाही. फडकं आणलं. भुजंगचा चेहरा लाल झाला, "ब! ब! ब!" आणि त्यानं वाडगा भिंतीवर फेकला. आंबील तिच्या लुगड्यावर उडाली.

तिचं डोकं सणकलं.

"फेका! अजून फेका! दिवसभर मी लोकायची घान निवडते, घरी येऊन तुमची पुसते! गा म्हने, मॅडम म्हनते गा! कोन गाईन? तुमचा चुलता कायदा सांगून राहिला, यजमान दार लावून बसला! मीच गाते! घ्या!"

आणि लुगड्यावरची आंबील पुसत, दात खात, तिनं पटेलांच्या कुळाचं गाणं सुरू केलं. तिचं गोंडी अर्धवट. जे कानावर पडलं होतं तेच ओरडून म्हणायला लागली. पूर्वजांतले भाऊ नदी ओलांडतात ती जागा आली. तिनं धाकट्याला आधी पाण्यात घातला. थोरल्याचा घोडा धाकट्याला दिला.

भुजंगनं डावी मूठ जमिनीवर आपटली. तिनं पाहिलं नाही. तिनं पुन्हा धाकट्यालाच घोड्यावर बसवला.

भुजंगचं वाकडं तोंड उघडलं आणि त्यातून ओळ आली. सबंध. थोरला आधी, त्याचा पांढरा घोडा, मग मधला, मग धाकटा शेपटी धरून. आवाज फाटका होता, घोगरा होता, पण शब्द एकही पडला नाही.

अयोध्या गप्प झाली. भुजंगही. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बोला," ती म्हणाली. "काय पाह्यजे होतं? बोला."

"ब..." भुजंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "ब..."

तिनं क्षणभर विचार केला, मग सूर लावला. पाणी हवं होतं का, मिरची हवी होती का, त्याच नदीच्या चालीवर विचारलं. भुजंगनं श्वास घेतला आणि त्याच चालीवर म्हटलं, "मीठ."

दारात देवबा उभा होता. हातात झाडू. किती वेळ होता कोण जाणे. त्यानं झाडू कोपऱ्यात टेकवला, हात धोतराला पुसले, आणि खुंटीवरची किकरी उतरवली. तारा पिळून त्यानं सूर लावून पाहिला.

"पटेलानं मारलं तं मार खाईन," तो म्हणाला. "पन तू धाकट्याले घोड्यावर बसवू नको, बाई. ऐकवत नाही."

तेव्हापासून रोज देवबानं हॉल झाडून घेतला आणि अयोध्या बाजारातून आली की तिघं बसायचे. देवबा किकरीवर गज ओढी, भुजंग गाई, अयोध्या झील धरी. देवबानं तिला कुठं खेचायचं, कुठं तोडायचं ते शिकवलं. चुकली की तो कुरकुरे, ती उलटून बोले, आणि भुजंग दोघांना गाण्यातच गप्प बसवी. भूक, तहान, दुखणं, सगळं तो आता चालीवर सांगू लागला. हॉलचा मॅनेजर एकदा बघून गेला आणि म्हणाला, "पागलखाना खोले क्या?"

पण कुळाचं गाणं सरत सरत सोनेरावच्या नावाशी आलं की भुजंग तिथंच अडे. देवबा गज खाली ठेवी. "पुरे," म्हणे. त्यापुढं कधीच गेलं नाही.

अन् एका दुपारी मानकू पटेल आले. आत येईनात. बाहेरूनच हाक मारली, "देवबा."

देवबा धावत बाहेर गेला आणि पाया पडला. पटेल थकले होते. धोतराला सिमेंट लागलेलं. "माहं पोरगं अजून उघड्यावर हाय. दुसरे प्रधान यायले तयार नाहीत, म्हनतात तुमचं घर तुमचं. तू ये. पन तो नाही पाह्यजे."

अयोध्या दारात आली. "मग ऐकून जा."

"काय ऐकू?"

"तुमीच म्हनलं होतं ना, त्यानं सांगावं? आता त्यायले सांगता येते. मी सांगत नाही, ते सांगतात. ऐकाचं नसन तं तसं म्हना. म्हना का मले खरं ऐकाचं नाही!"

"अयोध्ये!" देवबा ओरडला. यजमानाशी कुणी असं बोलत नाही.

पटेल मात्र उंबऱ्यावर बसले. पाठ आत, तोंड बाहेर.

देवबानं किकरी घेतली. भुजंगनं सुरुवात केली. पूर्वज जन्मले, नदी ओलांडली, गाव बसवलं. पटेलांची पाठ हलली नाही. आजा आला, बाप आला, मानकू आला. मग सोनेरावचं नाव आलं, आणि भुजंग थांबला. कपाळावर घाम. देवबाचा गज हळू झाला.

"मग पुढं?" अयोध्यानं झील टाकली.

भुजंगनं मान हलवली.

"मग पुढं?" आता तिचा आवाज कडक झाला. शेवटचा शब्द तिनं असा खेचला की जनरेटरवर बसलेली कबुतरं उडाली. "मग पुढं?"

भुजंगनं डोळे मिटले आणि गायला लागला. गोंडीतच. अर्थ असा:

पुढच्या अंगाला पाहुणे येती, घरं बघायला येती,
पुढची जाळी फाटली, रितेशबाबूला लाज वाटली.
मागची जाळी सोड म्हणाला, पुढं नेऊन बांध म्हणाला,
पट्टे काढून द्या म्हणाला, पाहुण्यांच्या कमरेला.
मी म्हटलं बिनजाळीचं पोर कडेला जाणार नाही,
तो म्हणाला जाणार नाही तर उद्या येऊ नको.
सोनेराव गेला. दोरी सोडली. फळी फिरली.
मी हात धरला, मी हात धरला,
मी सोडला नाही. माझ्याखालची फळीही गेली.

"मी सोडला नाही," अयोध्यानं झील उचलली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

पटेल वळले. मग गोंडीत विचारलं, "कोणत्या हातानं?"

भुजंगनं डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला आणि पुढं धरला. मनगटावर चार जुने ओरखडे होते, नखांचे. अयोध्या रोज तो हात धूत होती. तिला ते सळईचे वाटले होते.

पटेल उंबरा ओलांडून आत आले. तो हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. भिंतीपलीकडं हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं, "हॅलो, हॅलो."

पोलिसांकडं ते तिघंही गेले. पटेल, अयोध्या, आणि रिक्षातून भुजंग. साहेबानं आधी ऐकून घेतलं, मग भुजंग गायला लागला तसा टेबलावर हात मारला. "ये क्या है? सीधा बोलो."

"सीधं बोलता येत नाही साहेब, गाऊन..."

"गाने का बयान नहीं होता, अम्मा." बाहेरच्या दोघा शिपायांनी मोबाइल काढला होता. एकजण हसत होता. भुजंग गात राहिला. हसणारा जवळ आला, मोबाइल अगदी तोंडाशी धरला. तेव्हा अयोध्यानं त्याचा हात खाली दाबला, आणि त्याचा चेहरा पाहून पटेलांनी तिला ओढून बाहेर आणलं.

रस्त्यावर पटेल म्हणाले, "सोनेराव गावात नाही मेला. तो तिथं पडला. तिथूनच पितरांत न्यायचा. रविवारी."

"अन् झील कोन धरीन?" देवबानं नंतर विचारलं. पुरुष पाहिजे, असं त्याला म्हणायचं होतं.

"जिनं धरली तेच," पटेल म्हणाले.

रविवार असूनही तारनाक्याच्या साइटवर स्लॅब भरायचं काम चालू होतं. पटेल तिथलेच मजूर, राखणदारानं गेट उघडलं. वाळूच्या ढिगापलीकडं, जिथं सळ्या होत्या तिथं आता फरशा रचलेल्या होत्या. पटेलांनी फरशांसमोर पाणी शिंपडलं, मूठभर ज्वारी ठेवली. भुजंगला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. देवबानं गज ओढला.

पहिलं कडवं संपायच्या आत रितेशबाबू आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शर्टाला घडी. "क्या तमाशा लगाए? कौन छोडा अंदर?" भुजंगला पाहिल्यावर तो थबकला. मग वर बघून ओरडला, "मिक्सर चालू करो! काम कायकू रुका?"

मिक्सर घरघरायला लागला. गिट्टीचा कडकडाट. किकरी बुडाली, भुजंगचे नुसते ओठ दिसू लागले. तसाच दिसत होता तो, जसा त्या सकाळी खाली आणला तेव्हा.

अयोध्या उठली. ज्या मिक्सरपाशी तिनं तीन पावसाळे घमेली भरली होती, तिकडं सरळ चालत गेली आणि खटका खाली ओढला. ढोल गरगरत थांबला.

"हात नक्को लगा! पुलिस बुलाऊं क्या?"

"बलाव," ती मराठीत म्हणाली. "या वेळेस त्यायलेबी पुरं ऐकू दे." आणि खटक्याला पाठ लावून तिथंच उभी राहिली. रितेशबाबू पुढं आला. तिच्या हातात फावडं नव्हतं, काहीच नव्हतं. तरी तो दोन हात अलीकडंच थांबला.

भुजंग गात होता. पूर्वज नदी उतरले. गाव बसलं. सोनेराव जन्मला. वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावू लागली. त्यांत गोंड होते, कोलाम होते, डोंगराकडचे. ज्यांना भाषा कळत होती ते एकेक करून खाली उतरले. ज्यांना कळत नव्हती ते त्यांच्या तोंडाकडं बघत उतरले. गाणं जाळीपाशी आलं.

"मागची जाळी सोड म्हणाला, कोण म्हणाला?" अयोध्यानं मिक्सरपाशी उभं राहूनच झील टाकली.

"रितेशबाबू म्हणाला," भुजंगनं उत्तर दिलं.

"कोण म्हणाला?"

"रितेशबाबू म्हणाला." हे उत्तर एकट्या भुजंगचं नव्हतं. पटेलांचंही होतं. मागून आणखी दोघांचं.

रितेशबाबूला गोंडी येत नव्हतं. एवढ्या सगळ्यातून त्याला एकच शब्द कळत होता. त्यानं शेजारच्या मजुराचा दंड धरला. "क्या बोल रे? मेरा नाम कायकू ले रे?"

मजुरानं दंड सोडवून घेतला. सोनेराव आता पितरांत बसत होता, आणि त्याच्या नावाला जोडून हेही नाव कुळाच्या गाण्यात चाललं होतं, पटेलांच्या घरात जेव्हा जेव्हा किकरी वाजेल तेव्हा म्हटलं जायला.

"अरे, बंद करो! मेरा नाम कायकू ले रे, बोलो ना कोई!"

"कोण म्हणाला?" अयोध्यानं विचारलं, आणि आता उत्तर सबंध इमारतीनं दिलं.